धुळीतली अक्षरं आणि आठ वर्षांचा मास्तर

या मालिकेत आपण शाळांचा इतिहास पाहतो आहोत, आणि शाळांचा इतिहास म्हटलं की कायदे, अहवाल, अनुदानं यांचीच गर्दी होते. आज ते सगळं बाजूला ठेवू आणि थेट वर्गात शिरू. वर्गही कुठला, तर पहिलीचा, किंवा त्याच्याही खालचा. शाळा नुकती सुरू झाली आहे. मुलांना अक्षर ओळखता येत नाही, एका जागी बसता येत नाही, शेजाऱ्याची पाटी ओढू नये एवढंही ठाऊक नाही. मास्तर एक आणि मुलं पन्नास. ज्यांनी जून महिन्यात असा वर्ग सांभाळला आहे त्यांना जास्त वर्णन नको. आधी अक्षर की आधी शिस्त, हा प्रश्न तिथे चर्चेचा राहत नाही. दर पाच मिनिटांनी तो अंगावर येतो.

या प्रश्नाचं एक उत्तर अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एका ख्रिस्ती शाळेत शोधलं गेलं. तिथून ते लंडनला गेलं, लंडनहून देशोदेशी पसरलं आणि फिरून आपल्या मुंबईत आलं. येताना त्याचं रूप इतकं बदललेलं होतं की आपल्याकडच्या लोकांना ते विलायती वाटलं. हा प्रवास आज आपण बघणार आहोत. पण प्रवासापेक्षा त्या मूळ वर्गात काय घडलं, याकडे आम्ही जास्त वेळ देणार आहोत, कारण खरी गंमत तिथेच आहे, आणि खरं दुःखही.

शाळेचं नाव मिलिटरी मेल ऑर्फन असायलम. म्हणजे फौजेतल्या अनाथ मुलग्यांचा आश्रम. जागा मद्रासमधलं एग्मोर. आज त्या भागात मोठं रेल्वे स्टेशन आहे. सुरुवात १७८९. मुलं कोण होती? ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या युरोपीय सैनिकांची. त्यांतल्या बहुतेकांच्या आया इथल्या, हिंदुस्थानी. आता 'अनाथ' या शब्दापाशी जरा थांबायला हवं. कुणाचा बाप लढाईत गेलेला, कुणाचा तापानं, कुणाचा पलटणीबरोबर दूर गेलेला. पण आई पुष्कळदा जिवंत होती, आणि तरी मूल अनाथ, कारण आई ही हिशेबात धरायची गोष्टच नव्हती. हा मुद्दा आत्ता नुसता ध्यानात ठेवू. पुढे त्याच्याकडे यायचंच आहे.

या शाळेचा प्रमुख होता अँड्र्यू बेल. जन्म १७५३, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात, एका न्हाव्याच्या घरी. हुशार, हट्टी, आणि पैशाच्या बाबतीत अतिशय सावध माणूस. तरुणपणी अमेरिकेत व्हर्जिनियाला जाऊन मुलांची शिकवणी केली, परत येऊन इंग्लंडच्या चर्चमध्ये दीक्षा घेतली आणि १७८७ मध्ये मद्रासला उतरला. तिथे त्यानं एकामागून एक पलटणींचं पाद्रीपण मिळवलं. एकाच माणसाकडे एवढी पदं कशी, असा प्रश्न आपल्याला पडेल, पण त्या काळी तो कुणाला पडत नव्हता. शाळेच्या कामाचा पगार मात्र त्यानं घेतला नाही. बाकीच्या पदांवर त्याचं भागत होतं, भागून उरत होतं, हे खरं. तरी शाळेत तो मन लावून काम करी, हेही तितकंच खरं. माणसं अशीच मिश्र असतात. इतिहास शिकवताना आपण त्यांना उगाच एका रंगात रंगवतो.

बेलची अडचण साधी होती. वरच्या वर्गांचं कसंबसं चालत होतं, पण अगदी खालच्या वर्गातली मुलं महिनोन्‌महिने ए बी सी डीवरच अडकलेली. हाताखालचे मास्तर कंटाळलेले. त्यांतला एखादा जरा तयार झाला की त्याला बाहेर जास्त पगाराची नोकरी मिळे आणि तो निघून जाई. राहत ते असे, की जे होतं तेच करत राहू, नवीन काही सांगू नका. आणि मुलं? ज्यांना दिवसभर करण्यासारखं काही नाही अशी मुलं जे करतात ते करत होती. गोंधळ, मारामाऱ्या, खोटं बोलणं. त्यावर उपाय एकच ठाऊक होता, छडी.

यानंतरची गोष्ट बेलचा चरित्रकार, इंग्रजी कवी रॉबर्ट सदी यानं सांगितली आहे. एका सकाळी बेल घोड्यावरून फेरफटका मारत असताना वाटेत त्याला एक देशी शाळा दिसली. इंग्रज तिला 'मलबारी' शाळा म्हणत. मद्रासच्या तमिळ लोकांना सरसकट मलबारी म्हणायची तेव्हा इंग्रजांची पद्धत होती, तेव्हा केरळात जाऊन ती शाळा शोधू नका. मुलं जमिनीवर बसली होती आणि समोर पसरलेल्या वाळूत बोटानं अक्षरं काढत होती. बेल तसाच घोडा पिटाळत परतला. आपल्याला हवं होतं ते सापडलं, असं त्याला वाटलं.

आता आपल्याला यात नवल काय वाटणार? धूळपाटी आपल्या परिचयाची. आपल्याकडच्या पंतोजीच्या शाळेत मुलाला पहिल्या दिवशी बसवत ते धूळपाटीसमोरच. लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि बोटानं नाहीतर काडीनं अक्षर काढायचं. श्रीगणेशाय नमः, ओनामासीधं, मग अक्षरं. ती अक्षरंही वर्णमालेच्या क्रमानं नव्हेत. ग म भ न हा आपला जुना क्रम. 'अमक्याचा गमभनही माहीत नाही' असं आपण अजून म्हणतो. ग काढता आला की थोड्याशा फरकानं म, मग भ, मग न. हाताला जे सोपं ते आधी. व्याकरण मागाहून. हा क्रम ज्यानं कुणी बसवला त्याला लहान मुलाचा हात कळत होता, एवढं नक्की.

आणि ही पद्धत एका मद्रासची किंवा एका पुण्याची नव्हे. पिएत्रो देल्ला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये कर्नाटकाच्या पश्चिम भागातून जात होता. एका देवळाच्या ओसरीत चार मुलं अंकगणित शिकताना त्यानं पाहिली. जमिनीवर वाळू पसरलेली. एक मुलगा धडा सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता वाळूत बोटानं लिही, बाकीचे त्याच्यामागून तेच करत. जवळ मास्तर नव्हता. मुलं एकमेकांनाच शिकवत होती. म्हणजे बेलनं जे पाहिलं ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका परक्या माणसानं पाहून लिहून ठेवलं होतं. पाहिलं दोघांनी, ते उचलून आपल्या वर्गात नेलं फक्त एकानं.

वाळू का चालते, याचा आपण क्षणभर विचार करू. ती फुकट असते. कागद, टाक, शाई पाच वर्षांच्या मुलाच्या हाती देणं तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाळूत चुकलेलं अक्षर हातानं पुसलं की गेलं. चूक कुठे शिल्लक राहत नाही, कुणाला दाखवता येत नाही. नवशिक्या मुलाला यासारखा दिलासा दुसरा नाही. शिवाय प्रत्येकाचा हात एकाच वेळी चालू राहतो. पुस्तक एक आणि मुलं वीस असली की एक वाचतो आणि एकोणीस जण खोड्या काढतात. वाळू वीसही जणांपुढे असते. वर्गातला निम्मा दंगा हा रिकाम्या हातांचा दंगा असतो, हे बेलला त्या सकाळी उमगलं असावं असं आम्हाला वाटतं. त्यानं तसं शब्दांत मांडलं नाही, पण पुढे त्यानं जे जे केलं ते त्याच दिशेनं जाणारं आहे.

आता खरी गोष्ट सुरू होते. बेलनं खालच्या वर्गाच्या मास्तराला सांगितलं, उद्यापासून मुलांना वाळूत लिहायला लाव. मास्तरानं ते केलं नाही, किंवा असं केलं की होऊ नये. थोड्या दिवसांनी येऊन सांगितलं, हे होण्यासारखं नाही. शाळेत काम केलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वरून नवा हुकूम येतो, आणि खालून तो नम्रपणे बारगळवला जातो.

बेल हट्टी होता म्हणून आपण सुरुवातीलाच सांगितलं. त्यानं मास्तराला बाजूला केलं आणि वर्ग दिला जॉन फ्रिस्कन नावाच्या विद्यार्थ्याकडे. एका साध्या शिपायाचा मुलगा, वय आठ वर्षं. त्याला अक्षरं येत होती आणि सांगितलेलं तो करत होता. मोठ्या मास्तराला जे अशक्य वाटत होतं ते या आठ वर्षांच्या मुलानं करून दाखवलं. खालचा वर्ग अक्षरं शिकला. मग बेलनं फ्रिस्कनच्या हाताखाली आणखी मुलं मदतीला दिली, वरच्या वर्गांनाही तसेच मुलांतलेच मास्तर नेमले, आणि बघता बघता सुमारे दोनशे मुलांची ती शाळा मुलंच चालवू लागली.

या गोष्टीतली वाळू सगळ्यांच्या लक्षात राहते, पण आमच्या मते वाळूपेक्षा मोठा बदल फ्रिस्कनचा होता. आणि हाही बदल नवा नव्हताच. तमिळ तिण्णै शाळेत, म्हणजे ओसरीवरच्या शाळेत, मोठा विद्यार्थी लहानांना शिकवी. आपल्या पंतोजीच्या शाळेतही पुढचा पोरगा मागच्याला कित्ता घालून देई, पाढे म्हणवून घेई. पण तिथे ती सोय होती. पंतोजी जेवायला गेला, झोपला, बाजाराला गेला, की मोठी मुलं बघत. बेलनं त्या सोयीची व्यवस्था केली. व्यवस्था म्हणजे नेमणुका, जबाबदाऱ्या आणि वही. विशेषतः वही.

त्या व्यवस्थेत वर्गाचा दिवस कसा जाई? वर्गात मुलांच्या जोड्या लावलेल्या. जोडीतला एक जरा पुढे गेलेला, एक मागे. पुढचा मागच्याचा गुरू. जोड्यांवर एक मदतनीस, त्याच्यावर वर्गाचा शिक्षक, आणि हे सगळे चौदा वर्षांच्या आतबाहेरचे. धडा छोटा. अगदी छोटा, एखाददोन अक्षरांचा किंवा दोन ओळींचा. तो पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. धडा म्हणताना जो चुकला त्याची चूक खालच्यानं दुरुस्त केली तर तो वर सरके आणि चुकलेला खाली येई. म्हणजे वर्गातली जागा रोज बदलणारी. सारखा वरच राहणारा मुलगा वरच्या वर्गात जाई, सारखा खालीच राहणारा मागच्या वर्गात पहिला म्हणून बसे. नापास हा शब्द न वापरता त्याला त्याच्या जागी बसवण्याची ही युक्ती. आम्हाला ती बरी वाटते. शेवटचा म्हणून कुजण्यापेक्षा मागच्या वर्गात पहिला म्हणून बसलेलं मुलाला सोसतं.

वागणुकीसाठी एक काळी वही होती. कुणी खोटं बोललं, मारामारी केली, काम टाळलं, की त्या वहीत नोंद. आठवड्यातून एकदा सगळी शाळा जमायची, वही उघडायची, नोंद वाचायची, आणि निवाडा करायचा तो मुलांच्या पंचांनी. बेल वर बसलेला असे, पण दोषी की निर्दोष आणि शिक्षा काय, हे मुलं ठरवत. ती पुष्कळदा कडक शिक्षा सांगत आणि बेल ती सौम्य करी. मुलांना न्याय द्यायला सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा कठोर होतात, हे आजही कुठल्याही वर्गात पाहता येईल. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानं माफ केलं तर प्रकरण मिटे. आणि बेल सांगतो की हे सुरू झाल्यावर शिक्षा करण्याची वेळच फारशी येईना.

हे सांगणारा बेलच आहे, तेव्हा थोडी घट धरू. पण तत्त्व खोटं वाटत नाही. आपलं नाव वहीत गेलं तर शनिवारी आपल्याच सोबत्यांपुढे उभं राहावं लागेल, ही भीती आहेच. पण ती छडीच्या भीतीहून वेगळी. छडी मास्तराच्या रागावर अवलंबून असते, तर वहीतली नोंद वाचून तरी दाखवावी लागते. आरोप काय हे कळतं, उत्तर देता येतं. अठराव्या शतकातल्या शिपायाच्या पोराला एवढाही हक्क बाहेरच्या जगात कुठे होता?

आणि आता त्या आयांकडे वळू.

बेलच्या नजरेत या सगळ्या खटाटोपाचा उद्देश अक्षर हा नव्हताच. मुलांची चाल सुधारणं, त्यांना खरं बोलणारी, कष्टाळू, देवभीरू ख्रिस्ती माणसं करणं, हा उद्देश होता. वाचायला शिकायचं ते प्रार्थना, धर्माची प्रश्नोत्तरं आणि बायबल वाचण्यासाठी. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं आणि त्या काळच्या ख्रिस्ती शाळेकडून आपणही दुसरी अपेक्षा करू नये. पण मुलांची चाल बिघडली कशी, याचं त्याचं उत्तर होतं, आयांमुळे. मुलं खोटं बोलतात, आळशी आहेत, तर ते दुर्गुण त्यांना देशी आयांकडून आले. म्हणून त्यांना आईपासून दूर ठेवणं हाच उपकार. ज्या देशी शाळेतून त्यानं वाळू उचलली त्या शाळेत मुलं पाठवणाऱ्या बायाही याच समाजातल्या होत्या. वाळू त्याला दिसली, आणि तिच्यामागचं घर मात्र दिसलं नाही. ही मुलं मोठी होऊन गेली ती कंपनीच्या कचेऱ्यांत लेखनिक म्हणून, जहाजांवर, पलटणीच्या बँडमध्ये, कारागिरांच्या हाताखाली. विल्यम स्मिथ नावाचा एक विद्यार्थी तर टिपू सुलतानाच्या ओलीस मुलांना परत पोचवायला १७९४ मध्ये गेलेल्या वकिलातीबरोबर होता आणि त्यानं दरबारात विज्ञानाचे प्रयोग करून दाखवले. बेलला या स्मिथचा फार अभिमान. स्मिथची आई कोण होती याची नोंद त्याला करावीशी वाटली नाही.

१७९६ मध्ये बेलनं मद्रास सोडलं. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये त्याचा छोटा अहवाल छापून आला. १७९८ मध्ये लंडनच्या ऑल्डगेट भागातल्या एका धर्मादाय शाळेनं 'मद्रास पद्धत' सुरू केली. नाव लक्षात घ्या. ती मद्रास पद्धत म्हणूनच ओळखली गेली, बेलनं मूळ लपवलं नाही. त्याच वर्षी थेम्सच्या दक्षिणेला, बरो रोडच्या परिसरात, जोसेफ लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या क्वेकर तरुणानं गरिबांच्या मुलांची शाळा काढली होती. पैसे नव्हते, मुलं वाढत होती, म्हणून मुलांनाच मॉनिटर करून शिकवायची कल्पना त्यालाही सुचली. ती आधी कुणाची, यावर पुढे पंचवीस वर्षं भांडण चाललं. त्या भांडणात आपण पडायचं कारण नाही. दोघांच्याही आधी देवळाच्या ओसरीतली ती चार मुलं होती.

बेलच्या पुस्तकातून लँकेस्टरनं वाळू घेतली हे मात्र त्यानं स्वतः मान्य केलं. त्याच्या शाळेत कडेला पट्ट्या मारलेलं लांब टेबल होतं, त्यात कोरडी वाळू. मॉनिटर कपड्यांच्या इस्त्रीसारख्या लोखंडानं ती सारखी करी आणि मुलं बोटानं लिहीत. आणि अक्षरांचा क्रम? आधी सरळ रेघांची अक्षरं, आय, एच, टी, एल. मग तिरप्या रेघांची, ए, व्ही, डब्ल्यू. आणि शेवटी गोलाईची, ओ, यू, सी. वर्णमालेचा क्रम सोडून आकाराचा क्रम. आपला ग म भ न आठवला ना? लँकेस्टरला आपला क्रम माहीत होता असा कुणी अर्थ काढू नये. वाळू आणि लहान बोट एकत्र आले की दोन्हीकडे सारखीच अक्कल सुचते, एवढाच त्याचा अर्थ.

लँकेस्टरचं बस्तान झपाट्यानं बसलं. एकाच दिवाणखान्यात शेकडो मुलं, वरती एक मास्तर. पुस्तकं विकत घ्यायला नकोत म्हणून धडे मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगलेले, आणि प्रत्येक तक्त्यापुढे मुलांचं अर्धवर्तुळ. १८०५ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जनं त्याला भेट दिली आणि आपल्या राज्यातल्या प्रत्येक गरीब मुलाला बायबल वाचता यावं अशी इच्छा बोलून दाखवली. पण वागणुकीच्या बाबतीत लँकेस्टरची वाट वेगळी. क्वेकर असल्यामुळे छडी त्याला नको होती. मग काय? तर गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणं, पाय बांधून वर्गात चालायला लावणं, टोपलीत बसवून छताला टांगणं आणि खालून मुलांनी 'पिंजऱ्यातला पक्षी' म्हणून हसणं. मार नाही, पण लाज. कवी कोलरिजनं १८०८ मध्ये लंडनच्या एका जाहीर व्याख्यानात या शिक्षांवर कडाडून टीका केली. ज्या मुलानं हे भोगलं त्याला पुढे तुरुंगाची किंवा गुलामांच्या जहाजाची भीती ती काय उरणार, असा त्याचा रोख होता. आम्ही कोलरिजच्या बाजूचे आहोत. आपल्या पंतोजींचं अंगठे धरून उभं करणं आणि कोंबडा करणं हेही याच जातीचं. छडीचा वळ दोन दिवसांत जातो.

पुढे १८११ मध्ये इंग्लंडच्या चर्चची नॅशनल सोसायटी बेलच्या बाजूनं उभी राहिली, आणि लँकेस्टरच्या बाजूची मंडळी १८१४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी या नावानं काम करू लागली. तंटा शिकवण्याच्या रीतीवर नव्हता. चर्चची प्रश्नोत्तरं पाठ करवायची की पंथाचा आग्रह न धरता नुसतं बायबल वाचायचं, यावर होता. लँकेस्टरला त्याच्याच लोकांनी दूर केलं. हाताखालच्या मुलांना मारल्याचे आरोप, कर्जबाजारीपणा, सगळंच होतं. १८३८ मध्ये न्यूयॉर्कला घोडागाडीच्या अपघातात तो गेला. बेल १८३२ मध्ये भरपूर संपत्ती मागे ठेवून वारला, वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं.

या यशातच एक मोठी खोट होती. आठ वर्षांचा मुलगा काय शिकवू शकतो? टी काढला की नाही हे तो पाहू शकतो. पाठ म्हणताना शब्द चुकला हे त्याला कळतं. पण मुलानं 'असं का?' विचारलं तर? त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. म्हणून या वर्गांत असेच धडे टिकले ज्यांत 'का' येत नाही. पाढे, स्पेलिंग, प्रश्नोत्तरं. प्रश्नोत्तरांत प्रश्नही छापलेला आणि उत्तरही छापलेलं. वर्ग शांत, शिस्तबद्ध, सगळ्यांचे ओठ हलताहेत, आणि आत काय चाललंय कुणाला माहीत नाही. त्यातून बेलनं १८०५ च्या आवृत्तीत असंही लिहून टाकलं की गरिबांच्या सगळ्या मुलांना लिहिणं आणि हिशेब शिकवायलाच हवा असं नाही, वाचन पुरे. वाळूत लिहायला शिकवून ज्याचं नाव झालं त्या माणसाचं हे म्हणणं! इंग्लंडमध्ये १८४६ मध्ये सरकारनं तेरा वर्षांवरच्या उमेदवार शिक्षकांना पगार आणि रीतसर शिक्षण देण्याची योजना आणली आणि लहान मॉनिटरांचे दिवस सरत गेले.

आता मुंबई. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकारानं बॉम्बे एज्युकेशन सोसायटी निघाली. हेतू मद्राससारखाच, फौजेतल्या गरीब युरोपियनांची मुलं. रीतही मद्रासचीच. या संस्थेच्या शाळा पुढे भायखळ्याला गेल्या. नाशिकजवळ देवळालीला १९२५ मध्ये निघालेली बार्न्स स्कूल त्याच संस्थेची. या संस्थेनं देशी मुलांच्या शाळांत लक्ष घातलं तेव्हा त्यातून १८२२ मध्ये एक वेगळी मंडळी झाली, जिला आपण मराठीत 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी' म्हणून ओळखतो. एलफिन्स्टन अध्यक्ष, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस चिटणीस, आणि आपले सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे तिच्या कामात.

या मंडळीच्या समितीनं १८२४ मध्ये देशी शाळांची पाहणी केली आणि त्यांत चार उणिवा दाखवल्या. पुस्तकं नाहीत, शिकवण्याची सोपी रीत नाही, तयार शिक्षक नाहीत, पैसा नाही. दुसऱ्या उणिवेवर सुचवलेला उपाय काय होता? लँकेस्टरची रीत, तिच्यावर देशी भाषांत पुस्तक करून ती शाळांत न्यावी. म्हणजे ज्या ओसरीवरच्या शाळेतून ती निघाली तिलाच ती सुधारणा म्हणून परत आली. समितीतल्या कुणाला यातली गंमत जाणवली असेल का, कोण जाणे.

यावरून आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, इंग्रज येईपर्यंत इथे शाळाच नव्हत्या. रा. वि. परुळेकरांनी मुंबई इलाख्यातल्या १८२० ते १८३० च्या देशी शाळांची कागदपत्रं प्रसिद्ध केली आहेत, ती उघडली की हे मत टिकत नाही. गावोगाव पंतोजी होते. दुसरं मत, इंग्रजांनी आपली पद्धत चोरली आणि आपल्याला अडाणी ठरवलं. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. वाळू आणि मोठ्यानं लहानाला शिकवणं हे इथलंच. पण रोजची नोंद, वर्गवारी, छोटा ठरलेला धडा आणि मुलांसमोर वाचली जाणारी वही हे बेलचं. आणि आणखी एक गोष्ट इथल्या शाळेत नव्हती, ती सांगायला आपल्याला अवघड जाते: पंतोजीच्या ओसरीवर कुणाच्या मुलानं बसायचं हे जातीनं ठरत असे, आणि मुली तिथे जवळजवळ नसतच. एग्मोरच्या अनाथालयात मुलाचा बाप शिपाई होता एवढं पुरे होतं. त्याच्या आईची किंमत शून्य धरून का होईना, पण फ्रिस्कनसारख्या मुलाला तिथे दोनशे मुलांसमोर उभं राहता आलं.

मुलींच्या वर्गाची गोष्ट आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली, ती मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा बघायला, आणि पुढे अहमदनगरला गेली. तिच्या शाळांत मॉनिटर होते का, मुलींना शाळेत टिकवायला काय करावं लागलं, आणि जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली तेव्हा त्यांना तिथे काय दिसलं असावं, हे आपण तेव्हा पाहू.